टेस्लाच्या वेटोळ्याला वीज कोठून द्यावी?



तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात टेस्लाचे वेटोळे मांडलेले असले, की त्याच्याभोवती गर्दी ठरलेली. उभ्या नळीवर केसासारखी बारीक तार गुंडाळलेली, माथ्यावर चकचकीत कडे, आणि त्या कड्यातून हवेत फुटणाऱ्या जांभळट ठिणग्या! जवळ नुसती धरलेली ट्यूब तारेवाचून उजळते. पोरे हरखून जातात आणि दुसऱ्या दिवशी शाळेत येऊन उभी राहतात: "सर, आपणपण करू या ना!" मग नळी केवढी घ्यावी, तार कोठे मिळेल, अशी चौकशी सुरू होते, आणि अखेर गाडी एका प्रश्नापाशी येऊन अडते. ह्या यंत्राला वीज कोठून द्यायची? घरातल्या २३० व्होल्टला हवेतून उडी मारता येत नाही. हजारो व्होल्ट पाहिजेत. ते देणारा ट्रान्सफॉर्मर निवडायचा कसा?

बहुतेक मंडळी ह्याचे उत्तर व्होल्टच्या आकड्यात शोधतात. जास्त व्होल्ट, मोठी ठिणगी, असा सरळ हिशेब. मी मात्र आज आपल्याला दुसराच आकडा आधी पाहायला सांगणार आहे. ट्रान्सफॉर्मरची दोन टोके चुकून एकमेकांना लागली, किंवा देव न करो, पण माणसाच्या दोन हातांत आली, तर तो जास्तीत जास्त किती प्रवाह सोडील? हा आकडा कळल्याशिवाय कोणताही ट्रान्सफॉर्मर शाळेच्या टेबलावर ठेवू नये. का, ते आता क्रमाने पाहू.

यंत्र चालते कसे?

निकोला टेस्ला १८५६ साली स्मिल्यान नावाच्या गावी जन्मला. हे गाव आज क्रोएशिया देशात आहे. पुढे तो अमेरिकेत गेला, आणि १८९१ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया कॉलेजात त्याने विद्युत् इंजिनियरांच्या सभेपुढे अतिजलद कंपनांच्या विजेचे प्रयोग करून दाखवले. आपण ज्याला टेस्लाचे वेटोळे म्हणतो ते त्याच वर्षीचे. १८९९ साली कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे त्याने ह्याच तत्त्वावर एक अवाढव्य यंत्र उभारले आणि त्यातून कृत्रिम विजा पाडल्या.

तत्त्व अवघड नाही. नागपंचमीचा झोका आठवा. एका दणक्यात कोणी झोका आभाळाला नेत नाही. झोका मागे येतो, क्षणभर थबकतो, आणि नेमक्या त्या क्षणी हलकासा धक्का मिळाला की तो पुढच्या वेळी थोडा वर चढतो. धक्के लयीत बसले की दहाबारा धक्क्यांत झोका फांदीला भिडतो. विजेचेही असेच आहे. प्रत्येक वेटोळ्याची आपली एक लय असते. जाड तारेचे पाचदहा वेढ्यांचे खालचे वेटोळे आणि बारीक तारेचे हजारभर वेढ्यांचे वरचे वेटोळे, ह्या दोघांची लय एक केली, की खालच्याचे धक्के वरच्याला नेमक्या वेळी मिळतात आणि त्याचा दाब लाखो व्होल्टपर्यंत चढतो.

आता खालच्या वेटोळ्याला धक्के कोण देतो? इथे एक हौद कल्पा. हौद म्हणजे कंडेन्सर; पंपाच्या पेटीत असतो त्याच जातीचा, पण फार मोठा दाब सोसणारा. हौद भरणारा गडी म्हणजे आपला ट्रान्सफॉर्मर. आणि हौदाचे दार म्हणजे दोन धातूंच्या गोळ्यांमधली लहानशी फट. हौद काठोकाठ भरला की फटीतली हवा फुटते, ठिणगी पडते, दार उघडते. कोंडलेली वीज खालच्या वेटोळ्यात धावते आणि कंडेन्सर व वेटोळे यांच्यात हेलकावे खाऊ लागते. सेकंदाला दोन-चार लाख वेळा! हेलकावे विरले की दार मिटते आणि गडी पुन्हा हौद भरू लागतो. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तने करते, आणि प्रत्येक आवर्तनात दाब दोनदा शिखराला जातो. म्हणजे हा खेळ सेकंदाला सुमारे १०० वेळा होतो. ठिणग्यांचा तो कर्कश गुरगुराट ह्याचाच.

लाखो व्होल्ट तयार करण्याचे काम वेटोळी करतात, ट्रान्सफॉर्मर नव्हे, हे ध्यानात ठेवा. ट्रान्सफॉर्मरने फक्त हौद वेळेत भरायचा असतो. ह्या गड्याची निवड हाच आपला आजचा विषय.

धोका कोणत्या टोकाला?

पाहणारा माणूस वरच्या ठिणग्यांना भितो. त्या दिसतात, कडकडतात. पण आपल्याकडे म्हणतात ना, गरजेल तो पडेल काय? ह्या यंत्रात जीव घेणारे टोक खाली, ट्रान्सफॉर्मरपाशी आहे, आणि ते गुपचूप बसलेले असते.

माणसाच्या शरीराचा हिशेब फार लहान आकड्यांत आहे. एक अँपिअरचा हजारावा भाग म्हणजे एक मिलिअँपिअर. ५० आवर्तनांच्या विजेचा १ मिलिअँपिअर प्रवाह शरीरातून गेला तर झिणझिण्या येतात. १० च्या आसपास गेला की हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली तार सोडवत नाही. ३० च्या पुढे, आणि तोही काही क्षण टिकला, तर हृदयाची लय बिघडण्याची भीती. १०० म्हणजे बहुधा मृत्यूच. आणि हजारो व्होल्टच्या दाबापुढे कोरडी कातडी, चप्पल किंवा लाकडी पाट यांचा अडसर धरवत नाही.

वरच्या ठिणगीची गोष्ट वेगळी आहे. सेकंदाला लाखो हेलकावे खाणाऱ्या विजेला आपल्या नसा जवळजवळ दाद देत नाहीत, म्हणून झटका बसल्यासारखा वाटत नाही. पुष्कळ पुस्तकांत असे लिहिलेले आढळते, की ही वीज कातडीवरूनच वाहते, आत शिरत नाही. हे तांब्याच्या तारेला लागू आहे. माणसाच्या शरीराला नाही. शरीर तांब्याच्या मानाने फारच मंद वाहक असल्यामुळे ती आत खोलवर जाते, आणि मुकाट्याने भाजते. शिवाय वरची ठिणगी खालच्या वेटोळ्यावर उलटली, तर तिच्याच वाटेने ट्रान्सफॉर्मरची मारक वीज वर येऊ शकते. म्हणून 'ठिणगीला हात लावून दाखवतो' असली बहादुरी शाळेत कोणालाही करू देऊ नये. पण ठिणगीपासून माणूस आपोआप लांब राहतो. खालच्या लोखंडी डब्यापासून राहत नाही. त्यामुळे डबा कोणता, ह्याला महत्त्व.

उमेदवार एकेक करून पाहू

पहिला उमेदवार निऑनच्या पाट्यांचा ट्रान्सफॉर्मर. शहरातल्या दुकानांवर काचेच्या नळ्यांच्या लाल-निळ्या पाट्या असत, त्यांना वीज देणारा हा डांबर भरलेला जड डबा. आता बहुतेक पाट्या एल.ई.डी.च्या झाल्या, त्यामुळे हे डबे भंगार बाजारात आले. घरी वेटोळी करणाऱ्यांची पहिली पसंती त्यालाच असते, आणि त्याला सबळ कारण आहे. त्याच्या अंगावरच्या पट्टीवर दोन आकडे असतात, उदाहरणार्थ १५,००० व्होल्ट आणि ३० मिलिअँपिअर. दुसरा आकडा म्हणजे दोन्ही टोके एकमेकांना जोडली तरी ह्याहून फारसा जास्त प्रवाह तो सोडणार नाही, अशी त्याच्या घडणीतच असलेली मर्यादा. आतल्या दोन गुंडाळ्यांच्या मध्ये लोखंडी पत्र्यांचे तुकडे बसवलेले असतात. प्रवाह वाढू लागला, की चुंबकीय रेषांना ही आडवाट सापडते आणि दाब आपोआप उतरतो. पाटाला जादा पाणी आले की सांडव्यावाटे वाहून जावे, तसेच हे. ठिणगी पडते त्या क्षणी फट म्हणजे जोडलेली तारच असते. तेव्हा असा सांडवा असलेलाच ट्रान्सफॉर्मर निभावतो.

पण मर्यादित म्हणजे निरुपद्रवी नव्हे. ३० मिलिअँपिअर हा आकडा आपण मघाशी हृदयाच्या संदर्भात ऐकला. १५,००० व्होल्टवर तो सहज जीव घेऊ शकतो. ६० मिलिअँपिअरच्या डब्याबद्दल तर बोलायलाच नको. ह्याच नावाने हल्ली हलके, प्लॅस्टिकच्या पेटीतले इलेक्ट्रॉनिक पुरवठेही मिळतात. ते सेकंदाला हजारो आवर्तनांची वीज देतात आणि जमिनीकडे थोडी गळती झाली की स्वतःच बंद पडतात. निऑनच्या पाटीला ते चांगले. ठिणगीच्या फटीवर मात्र त्यांचा निभाव लागत नाही.

दुसरा उमेदवार बॉयलर किंवा भट्टीतले तेल पेटवणारा ट्रान्सफॉर्मर. साधारण १०,००० व्होल्ट आणि २० ते २५ मिलिअँपिअर. तत्त्व निऑनसारखेच, प्रवाह मर्यादित. फक्त ह्यातले पुष्कळ डबे थोडा वेळ चालून थंड होण्यासाठी केलेले असतात. सतत चालवले की तापून जळतात.

तिसरा, मोटारीचे इग्निशन कॉइल. हे गॅरेजमध्ये मिळते. १२ व्होल्टचा प्रवाह झटक्यासरशी तोडला, की २० ते ३० हजार व्होल्टचा ठोका देते. प्रवाह थोडा, शक्ती थोडी, ठिणगीही लहान. वीज बॅटरीची असल्यामुळे घरातल्या लाइनशी संबंध नाही, हा मोठा गुण. तरी ह्याचा झटकाही गंमत म्हणून घ्यावा असा नाही.

चौथा, जुन्या पेटीसारख्या टी.व्ही.तला ट्रान्सफॉर्मर, ज्याला दुरुस्ती करणारे 'ई.एच.टी.' म्हणतात. रंगीत टी.व्ही.त तो २० ते २५ हजार व्होल्ट देई, पण प्रवाह एक-दोन मिलिअँपिअर. हौद भरायला हा गडी अशक्त. आणि तो काढताना खरी भीती वेगळीच असते: टी.व्ही. बंद करून ठेवला तरी त्याची काचेची नळी वीज साठवून बसलेली असते. मुलांनी भंगारातला टी.व्ही. उघडू नये.

पाचवा उमेदवार सर्वांत सहज मिळतो, आणि सर्वांत घातक तोच आहे: मायक्रोवेव्ह भट्टीतला ट्रान्सफॉर्मर. त्याचे व्होल्ट ऐकून माणूस फसतो. निऑनचा १५,००० चा, हा २,००० च्या आसपासचा. म्हणजे हा गरीब, असे वाटते. पण हा अर्धा अँपिअर, म्हणजे ५०० मिलिअँपिअर, आणि टोके जोडली तर त्याहूनही जास्त प्रवाह देतो. मारक आकड्याच्या पाचपट! शिवाय २,००० व्होल्टची ठिणगी हवेत एक मिलिमीटरही उडी मारीत नाही. निऑनचा डबा निदान बोटभर अंतरावरून चुरचुरून सावध करतो. हा नुसता गुणगुणत बसतो आणि स्पर्श झाला की पकडतो. त्याच्या जोडीला असलेला कंडेन्सर भट्टीची पिन काढल्यावरही भरलेला राहू शकतो. चार डबे एकापुढे एक जोडून व्होल्ट वाढवण्याचे प्रयोग लोक करतात. शाळेच्या आवारात ह्या वस्तूला प्रवेशच नसावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

सहावा उमेदवार केवळ नाव घेऊन बाजूला सारतो. गावाबाहेर खांबांवर असतो त्या डी.पी.त ११,००० व्होल्टची वीज येते आणि घराघरांसाठी उतरवून दिली जाते. तसलाच एखादा लहान ट्रान्सफॉर्मर भंगारात सापडला, तर उलटा जोडून ११,००० व्होल्ट काढता येतात, हे खरे. पण त्याला सांडवा नाही. मागे सगळी लाइन उभी आहे. आणि लाइनवरच्या सामानाला हात लावणे हा २००३ च्या विद्युत् कायद्याने गुन्हा आहे, हेही मुलांना सांगून ठेवावे.

हौद केवढा असावा?

समजा, एखाद्या इंजिनियरिंग कॉलेजात, जाणत्या माणसाच्या हाताखाली, निऑनचा १५,००० व्होल्ट, ३० मिलिअँपिअरचा डबा घेतला. आता कंडेन्सर केवढा? हौद फार लहान असला तर गड्याची मेहनत वाया, फार मोठा असला तर तो वेळेत भरणार नाही. हिशेब सोपा आहे. ६.२८ ला ५० ने आणि मग १५,००० व्होल्टने गुणा. सुमारे ४७,१०,००० येतील. ०.०३ अँपिअरला ह्या संख्येने भागा. उत्तर येते ६.४ नॅनोफॅरड, म्हणजे फॅरडच्या अब्जाव्या भागाच्या साडेसहापटीच्या आतबाहेर.

येथे दोन गोष्टी सांगायच्या. एक म्हणजे, ह्या विषयावरची पुष्कळशी कोष्टके अमेरिकेत तयार झालेली आहेत. तिकडची वीज सेकंदाला ६० आवर्तनांची. त्यांच्या कोष्टकात ह्याच डब्यापुढे ५.३ लिहिलेले असते. आपल्या ५० आवर्तनांसाठी ते १.२ ने गुणून घ्यावे लागते. दुसरी अशी, की बरोबर ६.४ चाच कंडेन्सर घेतला तर ट्रान्सफॉर्मर आणि कंडेन्सर यांची लय जुळते, आणि एखाद्या वेळी फटीत ठिणगी पडली नाही तर दाब झोक्यासारखा चढत जाऊन डब्याचे आवरण फोडतो. जी जुळणी वर हवी, ती खाली नको! म्हणून स्थिर फट असेल तर दीडपट, म्हणजे साडेनऊ-दहा नॅनोफॅरडचा कंडेन्सर घेतात, आणि डब्याच्या टोकांशी रक्षक म्हणून आणखी एक फट ठेवतात.

पंपाचा कंडेन्सर येथे चालत नाही. तो ४४० व्होल्टचा. ०.१५ मायक्रोफॅरडचे, प्रत्येकी २,००० व्होल्ट सोसणारे, झटक्यांसाठी केलेले १५ कंडेन्सर एका रांगेत जोडले, तर १० नॅनोफॅरड होतात आणि ३०,००० व्होल्ट सोसतात. एवढे का? तर १५,००० व्होल्ट हा सरासरी धरलेला आकडा. शिखरावर दाब २१,००० च्या वर जातो. प्रत्येक कंडेन्सरला १० मेगओहमचा रोध आडवा जोडलाच पाहिजे. यंत्र बंद केल्यावर साठलेली वीज त्याच्या वाटेने काही सेकंदांत झिरपून जाते.

आणखी एक हिशेब लोभ आवरायला उपयोगी पडतो. ठिणगीची लांबी शक्तीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, असा घरी वेटोळी करणाऱ्यांचा अनुभव आहे. म्हणजे ठिणगी दुप्पट हवी तर शक्ती चौपट लागते. दोन हातांची ठिणगी चार हातांची करायला चार डबे जोडावे लागतील, आणि प्राणघातक प्रवाहही त्याच मापाने वाढेल. पाहणाऱ्याच्या आनंदात मात्र चौपट भर पडत नाही.

एक खोटा भरवसा

पुष्कळ घरांत आणि शाळांत आता मीटरजवळ गळती ओळखून लाइन तोडणारे बटण असते. ३० मिलिअँपिअरची गळती झाली की ते पडते. "सर, आपल्याकडे ते आहे, मग भीती कसली?" असे विद्यार्थी विचारतात. हे नीट समजून घ्या. ते बटण जाणाऱ्या आणि येणाऱ्या प्रवाहाची तुलना करते. ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडच्या बाजूला तारेने तारेशी संबंध नाही, फक्त चुंबकाने आहे. पलीकडे माणूस चिकटला तरी अलीकडे जाणारा आणि येणारा प्रवाह सारखाच राहतो. बटणाला काही कळत नाही. ते बसवावे, कारण अलीकडच्या बाजूचे रक्षण ते करते. पण पलीकडे आपण एकटे असतो.

म्हणून मोठे यंत्र चालवणारे काही नियम पाळतात. डब्याचे लोखंडी अंग अर्थिंगला जोडलेले असते, आणि वरच्या वेटोळ्याच्या खालच्या टोकासाठी जमिनीत वेगळी सळई ठोकलेली असते. घराच्या अर्थिंगमध्ये ते टोक सोडत नाहीत. चालू करायचे बटण दाबून धरावे लागेल असेच असते, हात सुटला की बंद. काही बदलायचे झाले, की आधी पिन काढून ती डोळ्यांसमोर ठेवायची, मग लांब कोरड्या काठीला बांधलेल्या अर्थच्या तारेने कंडेन्सरची टोके जोडून वीज उतरवायची, आणि मगच हात घालायचा. एकट्याने कधीही चालवायचे नाही. प्रेक्षक ठिणगीच्या लांबीच्या तिप्पट अंतरावर, दोरीपलीकडे. हृदयात पेसमेकर बसवलेल्या व्यक्तीने त्या खोलीत येऊच नये. खिडक्या उघड्या असाव्यात, कारण ठिणगीने ओझोन वायू होतो. आणि फटीच्या झगझगाटाकडे टक लावू नये. शिवाय शेजाऱ्यांचे रेडिओ खरखरतात ते वेगळेच. ठिणगी म्हणजे एक गावंढळ प्रक्षेपकच आहे. रेडिओच्या आरंभकाळी संदेश ठिणग्यांनीच पाठवीत.

मग शाळेने काय करावे?

ही यादी वाचून आपल्याला वाटेल, की नको ते वेटोळे! तसे मुळीच नाही. शाळेने दुसऱ्या जातीचे वेटोळे करावे, ज्याला ठिणगीची फट नाही, हजारो व्होल्टचा डबा नाही, आणि भिंतीतल्या विजेशी संबंधही नाही. १२ व्होल्टची बॅटरी, एक ट्रान्झिस्टर, एक रोध, एक लहान एल.ई.डी. आणि तार, एवढेच साहित्य.

पंखा भरणाऱ्या कारागिराकडे ३६ गेजची इनॅमल चढवलेली तांब्याची तार मिळते. पाच सेंटिमीटर व्यासाच्या प्लॅस्टिकच्या नळीवर तिचे ५०० वेढे एकाशेजारी एक, एकावर एक न चढवता, गुंडाळावे. सुमारे ८० मीटर तार लागते आणि अकरा-बारा सेंटिमीटर उंचीचे वेटोळे होते. त्याच्या बुंध्याभोवती प्लॅस्टिकच्या आवरणाच्या जाड तारेचे तीन वेढे द्यावे. ह्या जाड तारेचे एक टोक बॅटरीच्या धन टोकाला, दुसरे ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला. वरच्या बारीक वेटोळ्याचे खालचे टोक ट्रान्झिस्टरच्या बेसला; त्याच बेसला धन टोकापासून २२ किलोओहमचा रोध. एमिटर ऋण टोकाला. आणि एल.ई.डी. बेस व एमिटर यांच्यामध्ये, त्याचे ऋण टोक बेसकडे करून. टी.आय.पी. ३१ सारखा ट्रान्झिस्टर चालतो. त्याला ॲल्युमिनियमची पट्टी लावावी, कारण तो तापतो. चालू केल्यावर काहीच झाले नाही, तर जाड तारेची दोन टोके उलटसुलट करून पाहावी. बहुधा दोष तिथेच असतो.

आता एखादी साधी ट्यूब किंवा जुना सी.एफ.एल. दिवा वेटोळ्याजवळ न्या. तो कशालाही न जोडता उजळतो. दूर नेला की मंदावतो. येथे शिक्षकाला शिकवण्यासारखे पुष्कळ आहे. किती सेंटिमीटरवर दिवा विझतो, ते मुलांना मोजायला लावा. माथ्यावर डब्याचे झाकण ठेवून लय बदलते का, पाहायला सांगा. वेढे ५०० ऐवजी ३०० केले तर काय होते? जाड तारेचे वेढे वर सरकवले तर? मोठ्या ठिणगीचे यंत्र पाहताना मुले लांब उभी राहून टाळ्या वाजवतात; ह्या यंत्राजवळ बसून ती प्रश्न विचारतात. टोकाच्या बारीक ठिणगीने बोट टिचभर भाजू शकते, तेवढे सांगून ठेवावे, आणि मोबाइल लांब ठेवावेत.

प्रदर्शनात परीक्षक म्हणून बसणाऱ्या शिक्षकांना शेवटी एक विनंती. कोणी मोठ्या ठिणगीचे वेटोळे आणलेच, तर ठिणगी पाहण्याआधी विद्यार्थ्याला तीन प्रश्न विचारा. तुझ्या ट्रान्सफॉर्मरचा जास्तीत जास्त प्रवाह किती? बंद केल्यावर कंडेन्सरमधली वीज कशी उतरवतोस? आणि चालू असताना बटणावर कोणाचा हात असतो? उत्तरे चटकन आली नाहीत, तर पिन काढून ठेवायला सांगा आणि यंत्र नुसते पाहा. मुलाला वाईट वाटेल. त्याची समजूत काढा, पण पिन परत लावू देऊ नका. आणि बारीकशा ट्यूबचा मिणमिणता प्रकाश मोजून वहीत आकडे लिहून आणणारी मुलगी शेजारच्या टेबलावर असेल, तर तिच्याकडे जरा जास्त वेळ थांबा. टेस्लाचे काम तिला अधिक समजले आहे.